ग्वाकामोलेचे डोहाळे

मुलगी पुण्याहून आली ती सरळ बाजेवर आडवी झाली आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "बाबा, तुमच्या अंगाला वॉर्निशचा वास यायलाय. जरा लांब बसा."

मी ओट्यावर जाऊन बसलो. वास येणारच होता. बोरीत माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी जळाल्या की शेतकरी त्या माझ्याकडं आणून टाकतात. जळकी तार ओढून काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वरून वॉर्निश सोडायचं आणि वाळवायचं. उभा जन्म हेच केलं. वॉर्निश कातडीत मुरलंय. साबणानं जात नाही, आणि रॉकेलनं हात धुतले तर रॉकेलचा वास मागं राहतो. बायको असताना ती म्हणायची, तुम्ही गल्लीच्या तोंडाशी आलात की मला घरात कळतं. पण ती हसून म्हणायची. मुलीला खरंच उमळून येत होतं.

तिला तिसरा महिना होता. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते ती सातव्यात. ही तिसऱ्यातच आली, कारण पोटात पाणीसुद्धा टिकत नव्हतं आणि जावई दिवसभर कामावर. तिची आई असती तर तिनं काहीतरी केलं असतं. ती जाऊन काही वर्षं झाली होती. मला करता येत होतं ते म्हणजे खिचडी, पिठलं आणि चहा, आणि या तिन्हींचा वास तिला सहन होत नव्हता. फोडणीत जिरं तडतडलं की ती तोंडाला पदर लावून मोरीकडं पळायची. मी घरात गॅस पेटवणं सोडलं. मग दुकानही बंद ठेवलं.

गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस. मोटारी जळायचा हाच हंगाम. फोनवर फोन येत होते. "जिंतूरला न्या," मी सगळ्यांना सांगायचो. हाताला काम नाही, आणि मला बसायची सवय नाही. ओट्यावरून उठायचं, फाटकापर्यंत जायचं, परत यायचं. दारातून आत बघायचं, ती झोपलीय की जागी आहे. पाण्याची टाकी भरलेली असली तरी झाकण काढून बघायचं. जिंतूरच्या डॉक्टरबाईंनी एकदा सलाइन लावलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, वजन असंच उतरत गेलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. हे वाक्य डोक्यात घेऊन मी फाटकापर्यंत जायचो आणि तेच घेऊन परत यायचो.

शेजारच्या काकू रोज एक चक्कर टाकायच्या. माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, तोंडानं सरळ. एकदा तिच्या उशाशी बसून त्यांनी विचारलं, "माय, डोहाळे काय लागले ते तर सांग. हुरडा खाव वाटतोय का? चिंच?"

"काहीच न्हाई, काकू."

"असं कसं. बायांला माती सुदिक खाव वाटती."

मुलगी भिंतीकडं बघतच म्हणाली, "ग्वाकामोले."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. "कशाचं मोल म्हंती?"

"हाटेलात मिळतंय, पुण्याला," मुलगी म्हणाली. "इथं न्हाई मिळायचं. जाऊ द्या."

मी फोन घेऊन फाटकाबाहेर गेलो आणि जावयाला लावला. तो म्हणाला, "मामा, ते अवोकाडोचं असतं. हिरवं फळ, आतून लोण्यासारखं. कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू घालून कच्चंच कुटायचं. गॅस लागत नाही, फोडणी नाही."

गॅस लागत नाही एवढंच मी ऐकलं आणि बसचा विचार करायला लागलो. तो पुढं बोलत होता. "तिला ते का आठवलं मला माहीत आहे. मागच्या खेपेला ते झालं ना, त्यानंतर ती खातच नव्हती. एका संध्याकाळी मी तिला ओढून त्या हाटेलात नेलं. तिथं पहिल्यांदा पोटभर खाल्लं तिनं."

"मागच्या खेपेला काय झालं?"

तो हळूच म्हणाला, "मामा, मला वाटलं तिनं सांगितलं असेल तुम्हाला."

त्यानं सांगितलं. वर्षापूर्वी एकदा दिवस गेले होते, आणि राहिले नाहीत. असाच तिसरा महिना. मी "बरं" म्हणालो. फोन खिशात टाकून तसाच रस्त्याला लागलो आणि पार शेवटच्या घरापर्यंत जाऊन आलो. तिच्या भिंतीकडं तोंड करून पडण्याचा अर्थ आता वेगळा लागत होता. ती आजारी होती, आणि शिवाय भ्यालेली होती. आणि मी टाकीचं झाकण उघडून बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं परभणीला गेलो. काकूंना घरी बसवून गेलो. बस झरीला थांबली तेव्हा वाटलं उतरावं आणि पळत जावं, एवढी ती हळू चालली होती. बाजारात चार बागवानांना विचारलं. त्यांनी सीताफळ दाखवलं, पेरू दाखवला. पाचव्याकडं जाळीच्या टोप्या घातलेली ती फळं होती, किवीच्या शेजारी.

"बटर फ्रूट," तो म्हणाला. "डाक्टर लोक नेतेत."

"पिकलेलं दे."

"पिकलेलं न्हाई, चाचा. घरी ठेवा. नरम पडलं की खावा."

"आज न्हाई पडायचं?"

"आज तो पत्थर हाय."

त्यालाही चव माहीत नव्हती. खाल्लंच नव्हतं त्यानं कधी. मी पिशवीभर घेतली आणि परत येताना बसमध्ये मांडीवर पिशवी ठेवून एकेक दाबत बसलो. दगड ते दगडच. घरी आल्यावर त्यांना आंब्यासारखं गवतात ठेवलं, वर पोतं टाकलं. आंबे उन्हाळ्यात पिकतात, ही थंडी होती. मला धीर नव्हता. चहा प्यायला काकूंकडं जाऊन आलो की पोतं उचलायचं, अंगठ्यानं दाबायचं. आंघोळ झाली की दाबायचं. मुलीनं विचारलं, "काय करायलाव बाबा?" तर म्हणालो, "काही न्हाई."

मधे एकदा तिला फार उलट्या झाल्या. डोळे खोल गेले. मला राहवेना. त्यातल्या त्यात बरं वाटलं ते फळ उचललं आणि कापलं. सुरी बीपर्यंत मोठ्या कष्टानं गेली. आतलं काही कुटलं जाईना, तुकडे खलातून उडायला लागले. तरी मीठ-लिंबू लावून तिच्यापुढं ठेवलं. तिनं एक तुकडा जिभेवर ठेवला आणि काढून परत बशीत ठेवला. "कच्चं हाय," एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसरं उघडलं तर ते वरून मऊ आणि आतून काळं. जिथं जिथं माझा अंगठा बसला होता तिथं तिथं काळा डाग. फळ पिकत होतं, पण मी त्याला पिकू देत नव्हतो.

मी उरलेली फळं पदरात बांधल्यासारखी सदऱ्याच्या ओच्यात घेतली आणि काकूंच्या घरी नेली. "तुमच्याजवळ ठेवा. मी मागायला आलो तरी देऊ नका."

काकूंनी ती गव्हाच्या कोठीत पुरली, सोबत दोन केळी टाकली. मी त्याच दिवशी संध्याकाळी गेलो. "नुसतं बघतो," म्हणालो.

"घरी जावा," त्या म्हणाल्या.

सकाळी पुन्हा गेलो. त्यांनी दारातूनच हात हलवला. ते दिवस कसे काढले सांगता येत नाही. डॉक्टरबाईंची पुढची तारीख जवळ येत होती. मी दुकान उघडून, शटर अर्धं वर करून, आत न जाता परत लावून घेतलं. घरातल्या सगळ्या खिळ्यांवरचे फोटो सरळ केले. एकदा मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्या चपलांचा आवाज यायलाय डोक्यात." मग मी चपला काढून फिरलो.

आणि एका दुपारी काकू पदराखाली फळं घेऊन आल्या. साल काळपट झाली होती. मला वाटलं गेली ही पण. काकू म्हणाल्या, "देठ काढून बघा." देठाखाली हिरवं होतं, म्हणजे आत काळं पडलं नव्हतं.

मी बायकोचा दगडी खल पुन्हा काढला. त्यात लसूण मुरलेला, म्हणून गरम पाण्यानं धुतला, मग मीठ घासून धुतला, मग लिंबाची साल घासली. हातांचं काय करावं कळेना. शेवटी दोन्ही हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि मनगटाला रबर लावलं. मुलगी बाजेवरून बघत होती. कितीतरी दिवसांनी ती आपणहून उठली, अंगणात आली आणि खांबाला टेकून बसली.

"हाटेलात टेबलाजवळ येऊन, आपल्या समोरच करतेत," ती म्हणाली. "काळ्या दगडाच्या खलात. आपण म्हणलं तेवढंच तिखट."

"मग तू म्हण."

"कांदा लय बारीक चिरा. चिरला की पाण्यातून काढा, उग्रपणा जातो. मिरची अर्धीच. आपली मिरची हाय ही, तिथली न्हाई."

कांदा, मिरची, कोथिंबीर आणि जाड मीठ आधी खलात घातलं. पिशव्या घातलेल्या हातांनी बत्ता निसटत होता. पाणी सुटून हिरवा लगदा झाला. मग तिच्या सांगण्यावरून फळ बीभोवती गोल चिरलं, पिरगाळलं आणि दोन वाट्या वेगळ्या झाल्या. आतून पिवळं-हिरवं, चमच्यानं अलगद निघालं.

"आता जोरात न्हाई. लोणी करायचं न्हाई त्याचं. गोळे राहू द्या."

मी हळू दाबत होतो. ती खलाकडं बघत म्हणाली, "ह्यांनी सांगितलं ना तुमाला? मागचं?"

काकू उठून मोरीपाशी भांडी विसळायला गेल्या. भांडी स्वच्छच होती.

"हं," मी म्हणालो.

"आई असती तर तिला सांगितलं असतं. तुमाला कसं सांगणार. तुमी मिळेल त्या गाडीनं आला असता आन् नुसत्या फेऱ्या मारल्या असत्या."

"आलो असतो."

"म्हणून न्हाई सांगितलं." तिनं लिंबाची फोड उचलली, स्वतःच खलात पिळली. बिया बोटांनी वेचून काढल्या. "मग वाटलं, यायला पाहिजे होते तुमी. नुसत्या फेऱ्या मारल्या असत्या तरी चाललं असतं."

मी बत्ता पुन्हा हळू दाबायला लागलो. टोमॅटोतल्या बिया काढून त्याचे तुकडे वरून घातले. काकूंनी ज्वारीची भाकरी त्यांच्याच घरी थापून, निखाऱ्यावर कडक करून, पार गार करून आणली होती, म्हणजे तव्याचा वास नको. मुलीनं तिचा तुकडा मोडला, खलात बुडवला आणि तोंडात घातला. मी उभाच होतो.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. मी मीठ टाकलं. तिनं दुसरा तुकडा मोडला.

"तुमी समोर उभे राहू नका, बाबा. मला पुन्हा उमळून यायला लागतंय."

मी चपला न घालताच बाहेर पडलो. बसस्टँडपर्यंत गेलो, तिथं ओळखीच्या एकानं मोटारीचं विचारलं, त्याला काय उत्तर दिलं आठवत नाही. परत निघालो. फाटकाशी कान देऊन थांबलो. मोरीत पाण्याचा आवाज नव्हता. आत काकू तिच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मुलगी झोपली होती, तोंड दाराकडं करून. खल जवळजवळ रिकामा होता. उरलेलं वरून तपकिरी पडायला लागलं होतं. ते मी आणि काकूंनी चाखलं. काकू म्हणाल्या, "चांगलं हाय. पण ह्याला फोडणी पाहिजे."

संध्याकाळपर्यंत ते पोटात राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उलटी झाली, पण एकच. उरलेल्या फळांचं दोनदा केलं, आणि जावयानं पुण्याहून ट्रॅव्हल्सनं आणखी पाठवली. डॉक्टरबाईंकडं गेलो तेव्हा वजन उतरलं नव्हतं. त्यांना मी फळाचं सांगितलं तर म्हणाल्या, चौथा लागत आला की बऱ्याच बायांचं थांबतंच. असेल. मी वाद घातला नाही. तिसरा महिना सरला त्या दिवशी आम्ही दोघं त्याबद्दल काही बोललो नाही. तिनं फक्त कॅलेंडरचं पान उलटलं आणि म्हणाली, "आता दुकान उघडा, बाबा. लोक शिव्या द्यायलेत."

सातव्यात ती रीतसर आली, तेव्हा तिला ग्वाकामोलेचं नावही नको होतं. पिठलं-भाकरी मागायची, वर लसणाचा ठेचा. परभणीच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. कळा सुरू झाल्या तेव्हापासून मी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होतो. एक सिस्टर वैतागून म्हणाली, "आजोबा, एका जागी बसा की."

आतून लेकीचा दमलेला आवाज आला. "फिरू द्या त्यांना. ते असेच बरे आहेत."