पार्बताबाईच्या मांडवातलं पाणी

अमरावतीच्या कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर शालिकराम माळ्याचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, मिरची आणि बांधाला शेवंती. त्याची बायको पार्बताबाई सकाळी टोपलं डोक्यावर घेऊन बाजारात जायची आणि उन्हं चढायच्या आत परत येऊन चुलीपुढं बसायची. एकदा बोर्डिंगातली दोन पोरं मिरच्या मागायला आली. बोर्डिंगात गव्हाची पोळी आणि गोडं वरण मिळे, आणि ज्वारीवर वाढलेल्या त्या पोरांचं त्यावर भागत नव्हतं. पार्बताबाईनं आपल्याच वाटणीची भाकर त्यांच्या हातावर ठेवली, वर ठेचा आणि तेलाची धार. दुसऱ्या दिवशी ती पोरं आणखी चौघांना घेऊन आली.

असं करता करता दोन वर्षांत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा कूड घातलेला टिनाचा मांडव उभा राहिला. तरटावर वीस पोरं ओळीनं बसत. भाकर, झुणका, बरबटीची म्हणजे चवळीची उसळ, कच्चा कांदा. अकोल्याकडची, अचलपुराकडची, कुणब्यामाळ्यांची पोरं, घरातली कॉलेजात जाणारी बहुतेक पहिलीच. ती तिला माय म्हणत. तिला स्वतःचं मूल नव्हतं. पण त्याबद्दल ती कधी बोलली नाही.

त्यातच सूर्यभान होता, बार्शीटाकळीजवळच्या एका खेड्यातला. अबोल पोरगा. आला की आधी बैलांच्या मानेवरून हात फिरवायचा, मग मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून बसायचा. भाकर उसळीत कुस्करून खायचा आणि जेवण झालं की आपलं ताट आपणच घासायला घ्यायचा. पार्बताबाई ते हातातून काढून घ्यायची.

एकोणीसशे तेहतीस सालच्या श्रावणात मळ्यातल्या बांधीव विहिरीचा रहाट मोडला. प्यायचं पाणी त्याच विहिरीचं. सुताराला सांगावा धाडला, पण तो तीन दिवस आला नाही. ते तीन दिवस पार्बताबाईनं खालच्या मोटेच्या विहिरीचं पाणी आणलं. ती विहीर उघडी होती आणि पावसाचा लोंढा वावरातून थेट तिच्यात उतरत होता. तिनं पाणी दुहेरी फडक्यानं गाळून रांजणात भरलं. ते निवळ दिसत होतं. स्वतः प्यायली, नवऱ्याला दिलं, पोरांना दिलं.

पुढच्या पंधरवड्यात तीन पोरं तापानं पडली. गावातही त्या साली ताप होताच, पेठेत घरटी एक जण अंथरुणावर होता. दोघं उठले. सूर्यभानला मित्रांनी आगगाडीत घालून घरी पोचवलं, आणि पोळ्यानंतर निरोप आला की तो गेला.

पार्बताबाई त्या दिवशी चुलीपुढून उठली नाही. रात्री शालिकरामला म्हणाली, की त्या तीन दिवसांचं पोरांना सांगून टाकते. त्यानं तिला गप्प केलं. ताप गावभर आहे, सगळे म्हणतात हवेनं आला, मग तू काहून आपल्या अंगावर ओढून घेतेस, असं त्याचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. तिनं पोरांना सांगितलं नाही. पण रांजणात तांब्या बुडवताना दर वेळी तिला खालची विहीर आठवायची.

मार्गशीर्षात एका दुपारी एक उंच, वाकलेला माणूस मांडवाशी येऊन उभा राहिला. पोरं जेवून गेली होती. डोक्याला पांढरा फेटा, हातात काठी. त्यानं आपलं नाव शेषराव सांगितलं आणि मुलाचं नाव सांगितलं. तो बोर्डिंगातून मुलाची पेटी न्यायला आला होता. पेटी मिळाली होती. बडनेऱ्याच्या गाडीला अजून वेळ होता.

"त्याच्या हरेक पत्रात तुमचं नाव राहे," तो म्हणाला. "तो कोठी बसे?"

तिनं खांब दाखवला. शेषराव तिथं खांबाला टेकून बसला. तिनं चूल पुन्हा पेटवली, दोन भाकरी थापल्या, उसळ गरम केली. तो जेवू लागला. लेकासारखीच त्यानंही भाकर कुस्करली, आणि ते पाहून पार्बताबाईला तिथं उभं राहवेना. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, त्याच्यापुढं ठेवला, आणि त्यानं हात पुढं करताच तिनं तो मागं ओढला.

"पाटील, आधी मले एक सांगाचं आहे."

तिनं सगळं सांगितलं. मोडलेला रहाट, न आलेला सुतार, खालची विहीर, फडकं. नवऱ्यानं गप्प बसवलं हे मात्र सांगितलं नाही. शेषरावचा घास ताटातच राहिला.

"त्या तीन दिवसात तुमी कोन्तं पानी पेल्या?"

"तेच. आमी दोघंबी तेच पेलो."

"गावात ताप होता म्हनते."

"होता. पन तो गावातून आला का माह्या विहिरीतून, हे मले कोन सांगन?"

"मलेबी कोन सांगन?" शेषराव म्हणाला. मग मळ्याकडं पाहत बोलला, "पयले आठ दिवस मी डाक्तरले बलावलंच नाई. वैदूचा काढा देत राह्यलो. डाक्तर आला तवा म्हने, उशीर केला."

पार्बताबाई खाली बसली. दोघांच्या मधे ताट होतं.

"हे पानी उकळलं हाय काय?" त्यानं विचारलं.

"नाई. वरच्या विहिरीचं आहे, पन उकळलं नाई."

"मंग उकळून आना. डाक्तरनं सांगतल्यापासून आमच्या घरी उकळूनच पेतो."

तिनं पातेलं चुलीवर चढवलं. पाणी उकळेपर्यंत आणि मग निवेपर्यंत तो बसून राहिला. पाणी अजून कोमट असतानाच त्यानं तांब्या उचलला आणि संपवला. ताटातली भाकर संपवली. उठताना म्हणाला, "पोरायले असंच देत जा," आणि पेटी खांद्यावर घेऊन बैलबंडीच्या रस्त्याला लागला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि तिनंही माफी मागितली नाही.

त्या संध्याकाळी पार्बताबाईनं पोरांनाही सगळं सांगितलं. सहा जण दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. उरलेल्यांना कोमट पाणी आवडेना. त्यांनी कुरकुर केली, मग सवय झाली. रोज दोन मोठे हंडे उकळायचे म्हणजे सरपण दुप्पट लागे. शालिकराम आधी चिडला, आणि मग आपणहोऊन बाभळीच्या फांद्या तोडून आणू लागला. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं खालच्या विहिरीला कमरेइतका कठडा बांधला.

पावसाळ्यात कॉलेज उघडलं तेव्हा दोन नवी पोरं मांडवात आली. शेषराव पाटलाच्या गावची. त्यातला एक त्याचा पुतण्या, सहदेव. काकानं सांगितलंय की जेवायचं तर इथंच, असं तो म्हणाला. पार्बताबाईनं दोघांना ताटं वाढली.

शेषराव स्वतः पुन्हा कधी आला नाही. दिवाळीच्या सुट्टीहून सहदेव परतला, की ती भाकर वाढता वाढता विचारायची, काका बरे आहेत ना. बरे आहेत, एवढंच तो सांगायचा. मग ती पुढच्या ताटाकडं वळायची.