माझ्या कांजिण्या, अक्काचे पाय

कांजिण्या आधी मला झाल्या, हे सुरुवातीलाच सांगून ठेवते. सत्तरच्या दशकात आम्ही जुन्या हुबळीत दोन खोल्यांत राहायचो. थंडी सरत आली होती आणि मी अंगभर फोड घेऊन कोपऱ्यातल्या चटईवर पडले होते. आईनं कडुलिंबाचा पाला अंथरला. अप्पा कारखान्यातून आले की लांबूनच म्हणायचे, "खाजवू नकोस." झालं माझं कौतुक. मी उठते ना उठते तोच अक्काला फोड आले.

अक्का माझी मोठी बहीण. दिसायला उजवी, अभ्यासात पुढं, आणि कन्नड अशी बोलायची की शेजारीण तिला आपल्यातलीच म्हणायची. तिच्यासाठी अप्पांनी रजा टाकली. उशाशी बसून वारा घातला, सुभाष रोडवरून मोसंबी आणली. माझ्या आजारात मोसंबी कुठं होती? ज्याचं जळतं त्याला कळतं.

फोड सुकले, खपल्या पडल्या, अक्का शाळेत जायला लागली. आणि एका सकाळी म्हणाली, पायांना मुंग्या येताहेत. संध्याकाळपर्यंत पायात चप्पल राहीना. दुसऱ्या दिवशी मोरीत बसली ती उठेचना. मला वाटलं, हिला आणखी मोसंबी हवीत.

"दुर्गव्वा सिट्टाग्याळ री," शेजारीण आईला म्हणाली. देवी रागावली म्हणे. अप्पांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हाच देव्हारा रिकामा करून तिथं बुद्धाची तसबीर लावली होती. गल्लीत कुणाला कांजिण्या आल्या की बाया देवीला दहीभात दाखवून तिची बोळवण करायच्या. आमच्याकडं ते होणं शक्यच नव्हतं. आता देवीनं पोरीचे पाय नेले, अशी कुजबूज सुरू झाली आणि अप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कांजिण्यांचा आणि पायांचा काडीचा संबंध नाही," त्यांनी आईला बजावलं. "दवाखान्यात कुणी विचारलं तरी कांजिण्यांचं नाव काढायचं नाही."

दवाखान्यात माझी वरात सोबत गेलीच, घरी ठेवणार कुणाकडं? डॉक्टरांनी अक्काच्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. एका श्वासात जमतील तेवढे आकडे म्हणायला लावले. सकाळी ती बरीच पुढं गेली होती, दुपारी मध्येच अडकली. कमजोरी वर चढत होती. ती छातीपर्यंत गेली तर श्वासच थांबेल, एवढं आम्हा सगळ्यांना समजलं.

"आधी काही आजार? हे डाग कसले?" डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं.

"उष्णतेचे फोड, साहेब," अप्पा म्हणाले.

आईनं अक्काच्या हातांवरचे डाग पदरानं झाकले. आणि मी, जिच्याकडं कितीतरी दिवसांत कुणी धड पाहिलंही नव्हतं, मोठ्यानं म्हणाले, "कांजिण्या आहेत. आधी मला झाल्या होत्या. तिला माझ्याच लागल्या!"

अक्काचा जीव वाचावा म्हणून बोलले, असं पुढं घरात सांगितलं जायचं. खोटं आहे ते. त्या दुखण्यात माझाही वाटा होता आणि तो मला हवा होता.

डॉक्टर वळले आणि चक्क माझ्याशी बोलायला लागले. कांजिण्यांशी लढायला अंगात जी फौज उभी राहते, ती एखाद्याच्या बाबतीत चुकते आणि आपल्याच नसांवर तुटून पडते. हिचं तसंच झालं असावं. का होतं, ते अजून नीट कळलेलं नाही.

"म्हणजे देवीचा कोप नाही?" अप्पांनी विचारलं.

"कोप नाही. पण कांजिण्या आहेत. सांगायला हव्या होत्या."

अक्काला नर्सच्या टेबलाजवळच्या खाटेवर हलवलं. रात्रंदिवस कुणीतरी तिच्याकडून आकडे म्हणवून घ्यायचं. ते खाली घसरत गेले, मग एका जागी थांबले, आणि हळूहळू पुन्हा वाढायला लागले.

ती घरी आली तेव्हा गल्ली लोटली. अप्पा तिला कडेवर घेऊन मोरीपर्यंत न्यायचे, एवढ्या मोठ्या घोडीला! आई तिचे पाय चोळायची. पाणी भरणं, भांडी, दळण माझ्याकडं आलं. मला तर कुणी "खाजवू नकोस"सुद्धा म्हणेना. रात्री अंथरुणात मी माझे पाय ताठ करून ठेवायची आणि वाट बघायची. मुंग्या काही आल्या नाहीत. माझ्या अंगातली फौज मेली शहाणी होती.

पावसाळ्याच्या तोंडावर अक्का भिंत धरून दारापर्यंत यायला लागली. एकदा मी नळावरून भरलेली घागर कमरेवर घेऊन धावत आले, तर ती उंबऱ्यात उभी. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"रोज बघते मी तुला पळताना," ती म्हणाली. "रोज मनात म्हणते, पड. पडून पाय मोडू दे हिचा."

हे बोलताना ती रडत नव्हती. माझ्या पायांकडं टक लावून बघत होती, मी तिच्या मोसंब्यांकडं बघायची तशी. जन्मात पहिल्यांदा तिला हवं असलेलं काहीतरी माझ्याकडं होतं. आनंद झाला मला, खोटं कशाला बोलू. पण तो घोटभरही पुरला नाही. घागर खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

मोठ्या पातेल्यात पाणी ओतलं आणि दुसऱ्या खेपेला निघाले. ती दारातच उभी होती. नळापर्यंत मी चालत गेले.