देवघरात बाद झालेलं मत

नाशिकच्या आणि नाशिक सोडून गेलेल्या समस्त मंडळींना कळवण्यास अत्यंत दुःख होतं, की अमेरिकेतल्या एका अवाढव्य शहराच्या महापौरपदाच्या निवडणुकीतलं एक मत काल सकाळी पंचवटीत, आमच्या देवघरात, बाद झालं. मत माझं होतं.

बावीस वर्षांपूर्वी याच देवघरासमोरून मी निघालो. मुंबईची गाडी दारात उभी आणि आई माझ्या पासपोर्टला हळदकुंकू लावत होती. विमानतळावरच्या साहेबाने तो डाग नखाने खरवडून पाहिला. उंबऱ्यात आईने बजावलं होतं, "तिकडे कुणाच्या अध्यातमध्यात पडू नकोस."

पडलो नाही. वीस वर्षं मान खाली घालून इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या तपासल्या. नागरिक झालो, तरी मत द्यायला गेलो नाही. मग तिथल्या महापौराने आमच्या वस्तीची बस बंद केली. श्रीमंतांच्या वस्तीची चालू ठेवली. दोन हिवाळे मी बर्फातून पाऊण तास चालत कामावर गेलो आणि पावलापावलाला त्या गृहस्थाला अस्सल नाशिकच्या शिव्या घातल्या. तिकडे गेलेल्यांनो, तुम्हाला ठाऊक आहे, इंग्रजीत तेवढा दम नाही. 'बस परत आणते' म्हणणारी एक बाई त्याच्याविरुद्ध उभी राहिली, तेव्हा ठरवलं, आता मध्ये पडायचंच.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी यावं लागलं, म्हणून टपाली मतपत्रिका बॅगेत घालून आणली. बाईच्या नावापुढचा गोल काळ्या शाईने भरला, पत्रिका टेबलावर ठेवली आणि आंघोळीला गेलो. बाहेर येतो तर ती देवापुढे. महत्त्वाचा कागद दिसतोय म्हणून आईने वॉकर ढकलत तिथवर नेऊन तिला हळद लावली, ओलं कुंकू लावलं. कुंकवाचं बोट नेमकं महापौराच्या गोलावर. दोन गोल भरले की मत बाद, आणि नवी पत्रिका मागवायला दिवस उरले नव्हते.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. बर्फ, बस, तो महापौर, वीस वर्षांची खाली मान, सगळं त्या देवघरापुढे ओतलं. तिकडे एवढा आवाज चढवला असता, तर शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले असते. इथे दादा कपात चहा गाळत म्हणाला, "आमच्या गल्लीत तर बस कधी सुरूच झाली नाही. घे, चहा घे."

आई देवघराच्या दाराला टेकून ऐकत होती. माझा दम संपला तशी पटकन बोलून गेली, "मत तिकडे द्यायचं आणि रागवायला तेवढं घरी यायचं, होय रे?"