मंगळवारचं बंद कपाट

आमच्या शाळेचं वाचनालय म्हणजे एक लोखंडी कपाट. धरणगावकडचं खेडं, पहिली ते चौथीचे वर्ग, आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, वाचनाचं वेळापत्रक करा." मी हौसेने स्केचपेनांनी चौकटी आखल्या. सोमवारी पहिली, बुधवारी दुसरी, गुरुवारी तिसरी, शुक्रवारी चौथी. मंगळवार मुद्दाम कोरा ठेवला. त्या दिवशी गावचा बाजार; निम्मी पोरं आईबापांबरोबर तिकडेच. मग कपाट उघडायचं कुणासाठी? स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

कापसाची वेचणी लागली आणि चौथीत सातपुड्याकडून आलेल्या मजूर कुटुंबातली एक मुलगी बसू लागली. यायची ती फक्त मंगळवारी. आली की आधी कपाटापाशी उभी. मी म्हणायचे, "चौथीचा वार शुक्रवार," की ती मुकाट्याने जागेवर जायची. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी वैतागलेच. "अगं, मग शुक्रवारी का येत नाहीस?"

"शुक्रवारले मायसंगे वावरमा जास. धाकला भाऊले सांभाळस. आज बाजार शे, वेचणी बंद शे."

तिच्यासाठी चौथीचा वार बदलावा, तर बाकीची पोरं बाजारात. रोजच उघडं ठेवावं, तर पहिलीतली पोरं पानं फाडणार, आणि वर्ग सोडून तिथे बसणार कोण? घरी मी चार कागद आखले आणि चारही फाडले. कुठलाही वार धरला तरी कुणीतरी सुटायचंच. मुख्याध्यापकांना विचारलं, तर ते म्हणाले, "मॅडम, तुम्हीच बघा." मग स्वतःचाच राग आला. इतके मंगळवार किल्ली माझ्याच पर्समध्ये होती की!

पुढच्या मंगळवारी वेळापत्रक बाजूला ठेवून कपाट उघडलं. तिने अस्वलाच्या गोष्टीचं जाडसर पुस्तक काढलं आणि अक्षरांवर बोट ठेवत वाचत बसली. शाळा सुटली तेव्हा अर्धंच झालं होतं.

"घरी घेऊन जा," मी म्हटलं.

ती पुस्तक धरून घुटमळली. "मॅडम, वेचणी सरनी. उद्या आम्ही आमना गावले जातस. मंग हाई पुस्तक कोनता वारले परत लई येऊ?"

तुझंच राहू दे, एवढंच म्हणायचं होतं. पण सवयीने माझ्या तोंडून निघालं, "मंगळवारी."

तिने नकारार्थी मान हलवली आणि पुस्तक हळूच कपाटात परत ठेवून दिलं.