आधीची सिस्टिम दाखवा

चवथ जवळ आली की आमच्या डिचोलीकडे घरं आधी रिकामी होतात. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीचं सामान मागाहून. आधी कौलांखालची जळमटं काढायची, भिंती खरवडायच्या, मग चुना. जुन्या घाणीवर नवा चुना मारणारा आमच्यात आळशांत जमा. लॉकडाऊनच्या वर्षी हाच नियम मी कॉम्प्युटरला लावला आणि तोंडघशी पडलो.

बायकोची साखळीच्या एका शाळेतल्या जागेसाठी मुलाखत होती, दुसऱ्या दिवशी सकाळी, घरूनच. स्क्रीनवर पाठ घेऊन दाखवायचा होता. माझ्या आईच्या आजारपणात तिनं शिक्षिकेची नोकरी सोडली, त्याला नऊ वर्षं झाली होती. मुलाखतीचा प्रोग्राम आमच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालेना. कपाटात नवीची सीडी पडून होती, कधीतरी पणजीहून आणलेली, अपग्रेड लायसनची. मी म्हटलं, जुनीवर नवी कशाला चढवायची? बायकोच्या पाठाच्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या आणि कॉम्प्युटर पार पुसून काढला. स्वतःचं कौतुकही वाटलं.

मग लायसनची की, म्हणजे पाकिटावरचा लांबलचक नंबर, घातली, तर उत्तर आलं की ही की फक्त अपग्रेडसाठी, आधीची सिस्टिम दाखवा. दाखवतो काय, कपाळ? ती मीच तासाभरापूर्वी पुसली होती. जुनी आम्ही रीतसर विकत घेतलेली, तिचा स्टिकर अजून कॉम्प्युटरच्या डब्याला चिकटलेला, पण त्याचा तिथं काय उपयोग. तीनदा की घातली, तीनदा नकार. बायको स्वयंपाकघरातून विचारी, झालं का, आणि मी म्हणे, होतंय. नऊ वर्षं थांबलेली बाई, आणि माझ्या अतिशहाणपणानं तिची मुलाखत बुडणार.

तेवढ्यात मेहुण्याचा, बायकोच्या थोरल्या भावाचा, फोन आला. तो मुरगावला बंदरावरच्या एका कचेरीत कॉम्प्युटरचंच काम बघतो. यंदा चवथीला येता येणार नाही, एवढं सांगायला केला म्हणाला. मग सहज कॉम्प्युटरची चौकशी केली आणि मी सगळं ओकलो. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. आपल्या मांद्र्याच्या बोलीत शांतपणे म्हणाला, "भावजी, की घालूच नकात. ती जागा रिकामी सोडून बसवा. मगे चालू झाला काय आतसून तीच सीडी परत लावा, तेव्हा की घाला. तेका खाली कायतरी बसलेला दिसाक होया, बस."

म्हणजे नवीवरच नवी चढवायची. माझा विश्वास बसला नाही, पण दुसरा इलाजही नव्हता. दोनदा बसवेपर्यंत संध्याकाळ झाली. दुसऱ्या वेळी की घातली आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा लायसन मान्य झालं होतं. मी खुर्चीतच सैल पडलो. माझ्या स्वतःच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हाही इतकं हायसं वाटलं नव्हतं.

बायकोला हाक मारून, झालं, म्हणून जरा ऐटीतच सांगितलं. ती ओल्या हातांनी आली, पाठाची पहिली फाइल उघडते का ते पाहिलं आणि म्हणाली, "दोनदा बसवचा म्हणजे येळ लागतलोच. दादान माका आधीच सांगितलेला."

मेहुण्याचा फोन आल्याचं मी तिला बोललोच नव्हतो. दिवसभर मुलाखत तिची बुडत होती आणि ती माझी लाज राखत होती.