वरातीच्या घोडीवरून नर्मदेला

मोटारीने गेलात तर गाव मागे पडतं. घोडीवरून गेलात तर गाव पुढ्यात येऊन उभं राहतं आणि विचारतं, "कोठे चालनात भाऊ?" उत्तर द्यायला थांबलं की एक किस्सा झालाच! शिकायला सात वर्षं बंगळूरला होतो. तिथे जमले नाहीत एवढे किस्से मला तापी ते नर्मदा या सहा दिवसांत मिळाले.

तापीकाठच्या आमच्या गावी परतलो तेव्हा डोक्यात एकच वेड होतं. आपल्या जिल्ह्यात घोड्यावरून, मुक्काम करत फिरता आलं पाहिजे. सातपुडा आपला, पायवाटा आपल्या, घोडी आपली! हे मी गावातल्या धनाआबांना सांगितलं. त्यांची पांढरी घोडी चांदणी तेरा वर्षं वरातीत नवरदेव मिरवत होती. हल्ली नवरदेव सजवलेल्या कारमधून येतात, म्हणून आबांचा मुलगा भटूभाऊ यंदा तिला सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात विकायला निघाला होता. आबांना जेवण जात नव्हतं.

मी म्हणालो, "ती लांबच्या प्रवासाला चालेल!"

भटूभाऊ खो खो हसला. "हाई घोडी? डीजेना मांगे पन्नास पावलं चालस ती! जा, नर्मदानं पानी पाजी दखाडा. मंग मी इकाव नही."

आबा उठले आणि खोगीर झटकायला लागले.

*

पहिल्या सकाळी मी बंगळूरहून आणलेलं हेल्मेट घालून चांदणीवर बसलो. ती हलेना. टाच दिली, चुचकारलं, हात जोडले. जागची हलेना!

आबांनी पिशवीतून लाल फेटा काढला आणि माझ्या हेल्मेटवर बांधला. चांदणीने मान वळवून एकदा बघितलं आणि निघाली.

"तिन्हावर आजलोंग फेटाबिगर कोनी बठेलच नही," आबा म्हणाले.

आबा स्वतः बाशा नावाच्या तट्टूवर, तंबू-भांड्यांच्या मध्ये. सोबत रूपसिंगदादा. ते धडगावच्या वरचे पावरा आदिवासी, कापूस वेचायला आमच्याकडे आले होते आणि आता पायी घरी निघाले होते. पायी असूनही सगळ्यांत पुढे तेच! कारण चांदणी दर पन्नास पावलांना थांबायची. वरातीत लोक नाचायला थांबतात, त्याची तिला सवय.

*

पुरुषोत्तमनगरजवळ ऊस भरलेले ट्रॅक्टर कारखान्याच्या रांगेत उभे होते. एका ट्रॅक्टरवर गाणी जोरात चालू होती. चांदणीने कान टवकारले, पुढचे पाय उचलले आणि भर रस्त्यात नाचायला लागली! मी खोगिराला मिठी मारून वर. ड्रायव्हरने आवाज कमी करायचा की नाही? त्याने वाढवला! ऊसतोडीची मंडळी खाली उतरून फेर धरून नाचली.

अर्धा तास रस्ता बंद. मागच्या बसचा कंडक्टर तणतणत आला, फेटा बघितला आणि एकदम नरमला.

"राहू द्या, राहू द्या. लगन काय रोज व्हस?"

*

तिथून पुढे प्रत्येक गावात एकच प्रश्न, "नवरी कोठली?" मी समजावून थकलो. आबा मात्र मजेत सांगायचे, "डोंगरमायली."

चौथ्या दिवशी डोंगरात एका टेकाडावर मोबाईलला रेंज आली. लगेच आईचा फोन.

"तू आज घर ये, नही ते उद्या ये. फक्त इतलं सांग, पोरगी कोन शे?"

*

एक किस्सा हसण्यासारखा नाही, पण सांगायलाच हवा. वरातीच्या घोडीला खाऊ घालायची लोकांना हौस. वाटेत बायाबापड्या गूळ, भाकरी, भिजवलेली डाळ घेऊन यायच्या. मी कौतुकाने सगळं खाऊ दिलं. तिसऱ्या दुपारी चांदणी आडवी पडली, स्वतःच्या पोटाकडे बघत पाय झाडायला लागली.

आबांनी लगाम हातात घेतला. तिला उठवलं आणि चालवत राहिले. दर थोड्या वेळाने आतली गुडगुड ऐकायला पोटाला कान लावायचे आणि पुन्हा चालायचे. गुडघे दुखणारा तो माणूस दुपारपासून दिवस मावळेपर्यंत बसला नाही. शेवटी कान लावला आणि ओरडला, "बोलनं! पोट बोलनं!"

मी रडत होतो. आबा म्हणाले, "आते तूबी काहीतरी खाय."

*

रूपसिंगदादांना मी ॲपवरचा जवळचा रस्ता दाखवला. त्यांनी मोबाईल उलटसुलट करून बघितला आणि परत दिला.

"याला तहान लागते का?"

"नाही."

"मग याचा रस्ता वेगळा. घोडीला लागते."

मग नाल्यावरून नाल्यावर, झऱ्यावरून झऱ्यावर त्यांनी आम्हाला असं नेलं की सातपुडा चढूनही एकही जनावर तहानेलं राहिलं नाही. बंगळूरच्या सात वर्षांत असा मास्तर मला भेटला नव्हता!

*

सहाव्या सकाळी, धडगावच्या पुढे गाडीरस्ता संपतो त्या पाड्यावर भटूभाऊ भाड्याची पिकअप घेऊन उभा. चांदणीच्या पोटाची बातमी पोचली होती.

"बस व्हयनं आबा. मरी जाई ती. चढावा गाडीमा."

फळी लावली. चांदणी चढेना. भटूभाऊने ओढलं, ढकललं, शिव्या दिल्या. चांदणी ढिम्म.

आबांनी माझ्या हेल्मेटवरचा फेटा सोडला आणि भटूभाऊच्या डोक्याला बांधला. "तुन्हा लगनमा हाईच व्हती ना? बठ, आनि तूच चढाव."

भटूभाऊ बसला. चांदणीने मान वळवून बघितलं, फळीकडे पाठ केली आणि खाली उतरणारी पायवाट धरली.

"आबा! थांबाडा तिले!"

"मन्हं ऐकस का ती?"

उतारावर मोळी घेतलेली एक बाई थांबली. "नवरी कुठली?"

"नर्मदेपलीकडची," रूपसिंगदादा चालता चालता म्हणाले.

चांदणी एकदाही थांबली नाही. खाली नर्मदेचं पाणी लांबपर्यंत पसरलं होतं. तिने पुढचे पाय पाण्यात घातले, मान खाली केली आणि पीत राहिली. भटूभाऊ वर तसाच बसून, फेटा कानावर आलेला. वरून पिकअपवाल्याने हॉर्न दिला. मग आणखी एकदा.

भटूभाऊने फेटा सावरला. "आबा, परत जातांना फेटा कोन बांधनार?"

"पहिले तिले पोटभर पेऊ दे," आबा म्हणाले.