बिबट्याला चाळीस मिनिटं

आमची ही कुणाच्याही घरी वीस मिनिटांपेक्षा जास्त बसत नसे. इथे परदेशात, आयसेलिनमध्येही संक्रांतीला दहा घरी हळदीकुंकवाला जायची, तीही कागदावर वेळा लिहून. सगळे तिला टाइमटेबलकाकूच म्हणायचे.

मुलाने आम्हा दोघांचं आफ्रिकेतल्या सफारीचं बुकिंग केलं, तर हिने तिथेही हळदीकुंकूच मांडलं. सकाळी सहाला हत्ती, वीस मिनिटं. मग जिराफ. मग सिंह. "सिंहाकडे जेवायच्या वेळी टपकायचं नाही. बरं दिसत नाही."

मुलगा म्हणाला, "आई, लायन्सना लंचटाइम नसतो."

"तुला काय माहीत? तू कधी गेलायस त्यांच्याकडे?"

तिने थेट तिकडच्या गाडीवाल्याला, जोसेफला फोन लावला. तो म्हणाला, दुपारी ते झोपतात. "बघा, झोपमोडच केली असती," म्हणत हिने सिंहाला चारची वेळ दिली.

बिबट्याला मात्र चाळीस मिनिटं. मी भडकलो. "जुन्नरला उसातनं येऊन बापाच्या शेळ्या नेल्या त्याने. आता मी विमानाने त्याच्या दारात जाऊ? मी येत नाही."

"अहो, तो वेगळा, हा वेगळा. एकापायी सगळ्या भावकीशी अबोला धरायचा का?"

मी नाही म्हणत राहिलो. ती दोघांच्याच वेळा लिहीत राहिली.

जनावरांपुढे बोलायचं नसतं, असं जोसेफने सांगितलं, तेव्हा तिने सराव सुरू केला. ड्राइव्हवेवर उभ्या व्हॅनमध्ये टोपी घालून, तोंड मिटून बसली. पन्नास वर्षांत हे कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मी समोर खुर्चीच टाकली. पाचव्या मिनिटाला काच खाली झाली.

"अहो, गॅस बंद केलाय ना?"

निघायला तीन आठवडे होते. सकाळी चहा गाळताना खाली बसली, ती उठलीच नाही.

तेरा दिवस झाल्यावर मुलाने विचारलं, "बाबा, कॅन्सल करू?" घरातलं माणूस गेलं की वर्षभर सणावाराला कुणाकडे जायचं नसतं. बिबट्याकडे चालतं का, हे सांगणारी तीच होती. मी तिचा कागद मागितला. शेवटच्या दिवशी एकही जनावर नव्हतं. एकच ओळ होती : 'यांचा रुसवा काढणे, दिवसभर.'

"नको कॅन्सल करू," मी म्हटलं. "तिने त्यांना येतो म्हणून कळवलंय."